मनाचे पुस्तक आणि इंग्रजीचे व्याकरण

आपल्या समाजाविषयी बाहेर एक समज फार जुना आहे. ख्रिस्ती माणूस म्हटला की त्याला इंग्रजी येणारच, असे शेजारीपाजारी गृहीत धरतात. बँकेतला अर्ज भरायचा असो की दवाखान्यातला कागद वाचायचा असो, "तुम्हीच वाचा की, तुमचीच भाषा ती," असे म्हणून कागद आपल्या हाती दिला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या भागांतून पोटापाण्यासाठी कोल्हापुरात आलेली आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे घरी मराठी किंवा कोकणी बोलतात, प्रार्थना मराठीत करतात आणि मराठी शाळांतूनच शिकलेली आहेत. त्यामुळे आमच्या वाट्याला दुहेरी संकोच येतो. बाहेरच्यांना वाटते, यांना येते. आणि इंग्रजी मिस्सेनंतर देवळाच्या आवारात घोळके जमले की आपल्याच माणसांत आम्ही गप्प उभे राहतो.

या संकोचाचा हिशेब करण्याची वेळ दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आली. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी बी. ए.च्या वर्गात मानसशास्त्र हा विषय घेऊन शिकत होती. विषय तिच्या आवडीचा. परंतु मराठीतील टिपणे संपली आणि इंग्रजी संदर्भग्रंथ उघडण्याची वेळ आली, तेव्हा तिचा धीर खचला. वर्गात एकदा तिचा उच्चार चुकला आणि हशा झाला. त्यानंतर तिने तोंड उघडणेच सोडले. पुढे शिकायचे नाही, कापडाच्या दुकानात नोकरी धरायची, असे तिने मनाशी ठरवूनही टाकले होते. तिची आई हे सांगताना रडली नाही, एवढेच म्हणाली, "आमच्या घरात एवढ्या लांबवर पोहोचलेली ही पहिलीच पोर."

त्या एका वाक्याने आम्ही पाचजण एकत्र आलो. मराठी शाळेत शिकवणाऱ्या दोन बाई, खासगी रुग्णालयात काम करणारी एक परिचारिका, बांधकामावर मुकादमी करून थकलेले एक काका आणि ती मुलगी. दर रविवारी मिस्सेनंतर दीड तास धर्मग्रामाच्या एका खोलीत बसायचे, मानसशास्त्राचे इंग्रजी पुस्तक वाचायचे आणि त्याच पानातून व्याकरणाचा सराव करायचा, असा बेत ठरला. शिकवणारा कोणी नव्हता. सगळेच विद्यार्थी.

व्याकरणासाठी पुस्तके शोधावी लागली नाहीत. मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्या ज्या पुस्तकांवर इंग्रजी शिकल्या, ती अजून घरोघरी सापडतात. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दुसरे रेन व मार्टिन यांचे व्याकरण. यातील पी. सी. रेन हे हिंदुस्थानातील शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'बो जेस्ट' या गाजलेल्या कादंबरीचे लेखकही तेच. मानसशास्त्रासाठी मुलीचे पाठ्यपुस्तक होतेच. शब्द अडला की शब्दकोश, आणि पारिभाषिक संज्ञा अडली की शासनाच्या भाषा संचालनालयाने केलेला परिभाषा कोश. तोही हाताशी नसला तर १८५० सालापासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहेच. कोल्हापूरच्या माणसाला पुस्तकावाचून अडले, असे म्हणता येत नाही. ज्या नगरीत शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा हुकूम काढला, तिथे शिकण्याची लाज वाटावी, हेच खरे नवल.

पहिल्या काही रविवारी एक पान पुरे होत नसे. परंतु एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. इंग्रजीच्या पुस्तकातून इंग्रजी शिकताना वाक्यांशी आपला काही संबंध नसतो. रामाने आंबा खाल्ला, राजाने किल्ला जिंकला. आपण भाषांतर करतो आणि विसरतो. मानसशास्त्राच्या पुस्तकातले वाक्य मात्र आपल्याविषयीच बोलत असते. माणूस का विसरतो, का भितो, एखादी सवय का सुटत नाही, हे जाणून घ्यायची ओढ असली की क्रियापद शोधण्याचा कंटाळा येत नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही शाळांत जो प्रयोग केला, तो 'बंगलोर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो. मुलांना व्याकरणाचे नियम देण्याऐवजी त्यांनी नकाशे, वेळापत्रके अशी कोडी इंग्रजीतून सोडवायला दिली. लक्ष अर्थावर खिळलेले असताना भाषेची घडण मनात आपोआप उतरते, हे त्यांचे सूत्र. आम्हांला त्यांचे निम्मे सूत्र मानवले. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही व्याकरण सोडले नाही; कारण मोठ्या वयात शिकणाऱ्याला नियमाची काठी हातात असली की चालायला धीर येतो.

शब्दांनी तर आमची मोठी करमणूक केली. 'रीइन्फोर्समेंट' हा शब्द आला आणि सगळे अडले. परिभाषा कोशात 'प्रबलन' असे दिले होते. त्यानेही उजेड पडेना. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले मुकादम काका म्हणाले, "अहो, हा तर आमचा शब्द. आर. सी. सी. मधला आर! नुसतं काँक्रीट वाकलं की तडकतंय. सळी घातली की स्लॅब वजन पेलतो. ती सळी म्हणजे रीइन्फोर्समेंट." वर्तनाला बक्षिसाची सळी मिळाली की ते वर्तन टिकते, हा स्किनरचा सगळा सिद्धान्त त्या एका उदाहरणाने आमच्या पदरात पडला. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या गृहस्थांचे इंग्रजी आमच्यापेक्षा कमी होते, असे त्यानंतर कोणी म्हटले नाही.

दुसरा शब्द 'टेन्स'. व्याकरणात टेन्स म्हणजे काळ आणि मानसशास्त्रात टेन्स म्हणजे ताणलेला. मराठीत आपण ज्याला सर्रास 'टेन्शन' म्हणतो, तेही याच दुसऱ्या शब्दाच्या कुळातले. दिसायला हे दोघे जुळे भाऊ, पण नात्याने परके. काळवाचक टेन्स हा लॅटिनमधील वेळ या अर्थाच्या 'टेम्पस'पासून आला, तर दुसरा ताणणे या अर्थाच्या 'टेन्डेरे'पासून. मुलगी म्हणाली, "मला पहिल्यामुळेच दुसरं येतं." सगळे हसलो. त्या खोलीतली ती पहिली मोकळी हसण्याची वेळ असावी.

खरी कसोटी लागली ती आर्टिकलांपाशी. मराठीत 'अ' आणि 'द' यांना जागाच नाही, त्यामुळे ते कुठे लावावेत आणि कुठे गाळावेत, हे आपल्याला जन्मभर अंदाजाने चालवावे लागते. स्मृतीवरील प्रकरणात मात्र हा भेद डोळ्यांसमोर उभा राहिला. नुसते 'मेमरी' म्हटले की ती स्मरणाची शक्ती. 'अ मेमरी' म्हटले की एक आठवण. आणि 'द मेमरी' म्हटले की बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असलेली तीच आठवण. आमच्यातील परिचारिकेची आई त्या वर्षीच्या उपवासकाळात वारली होती. सराव म्हणून प्रत्येकाने तीन वाक्ये लिहायची होती. तिने तिसरे वाक्य आईविषयी लिहिले आणि त्यात 'द' अचूक घातला. कोणी काही बोलले नाही. नियम पाठ झाला होता, आणि तो का असतो, हेही कळले होते.

तिच्याच निमित्ताने मूळ पुस्तक मूळ भाषेत वाचण्याचे मोल आम्हांला समजले. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, त्यांत राग ही एक असते, असे तिने नोकरीत कुठेतरी ऐकले होते. आई गेल्यावर तिला राग आलाच नाही. आपले दुःख खरे नाही की काय, आपण आईवर माया केलीच नाही की काय, अशी टोचणी तिला महिनोन्‌महिने लागून राहिली होती. आम्ही एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांचे १९६९ सालचे पुस्तक मिळवून त्यातील काही पाने वाचली. तेव्हा कळले, की त्या पायऱ्या मुळात मागे राहिलेल्या आप्तांच्या नव्हेतच. स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी शिकागोच्या रुग्णालयात बोलून क्यूब्लर-रॉस यांनी त्या मांडल्या होत्या. पुढे डेव्हिड केसलर यांच्यासह लिहिलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी त्या शोकालाही लावल्या. परंतु प्रत्येकाने एकामागून एक चढायच्या या पायऱ्या नव्हेत, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. ऐकीव ज्ञानाने लावलेली टोचणी दोन पानांच्या वाचनाने निघून गेली. इंग्रजी कशासाठी शिकायचे, या प्रश्नाचे आम्हांला मिळालेले सर्वांत चांगले उत्तर हे होय. कोणीतरी आपल्याला काही सांगते, ते मुळात तसे आहे का, हे स्वतः पाहता यावे.

अभ्यासाची पद्धतही आम्ही त्या पुस्तकातूनच घेतली. आपल्याकडे पाठांतराची परंपरा मोठी. पण शाळेत तिची अवस्था 'घोका आणि ओका' अशी होऊन बसली आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग वाचताना आम्हांला या माणसाच्या चिकाटीचे आश्चर्य वाटले. अर्थहीन शब्दावयवांच्या याद्या करून त्याने त्या स्वतःच पाठ केल्या आणि स्वतःचेच विस्मरण मोजले. पाठ केलेल्यातले पुष्कळसे पहिल्या तासाभरातच निसटते. त्यानंतर गळती मंदावते. त्याहून उपयोगी निष्कर्ष पुढचा. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो फायदा होतो, तो तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनीही मिळाला. म्हणजे श्रम जवळजवळ निम्मे. शाळेतील बाईंनी हे आपल्या वर्गात सांगितले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

याला जोड मिळाली ती २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगाची. एक उतारा काही विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हापासून आमचा रविवार पुस्तक मिटून सुरू होऊ लागला. मागच्या वेळी काय वाचले ते आधी प्रत्येकाने इंग्रजीत, मोडक्यातोडक्या का होईना, सांगायचे. सुरुवातीला दोन वाक्ये येत. पुढे पाच येऊ लागली. चुका फळ्यावर लिहून त्यांचे व्याकरण तपासायचे, पण चूक कोणाची ते लिहायचे नाही, हा मुलीने घातलेला दंडक. तो आम्ही कसोशीने पाळला.

एक प्रयोग आम्ही स्वतःच करून पाहिला. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिला आणि शाईचा रंग सांगा म्हटले, तर जीभ अडखळते. कारण वाचणे आपण थांबवू शकत नाही. गंमत अशी, की स्ट्रूप यांनी पुढे मानसशास्त्रातील संशोधन बाजूला ठेवून बायबल शिकवण्यात आयुष्य घालवले. मुलीने स्केचपेनने दोन तक्ते केले, एक मराठी शब्दांचा आणि एक इंग्रजी. मराठी तक्त्यावर आम्ही सगळे अडखळलो. इंग्रजी तक्ता मात्र पुष्कळ सहज म्हणून गेलो. आम्हांला आनंद झाला. पण मुलीने तो टिकू दिला नाही. ती म्हणाली, "इंग्रजी शब्द आपल्याला अडवत नाहीत, कारण ते आपल्या डोळ्यांत अजून मुरलेलेच नाहीत." वर्षभराने तेच तक्ते पुन्हा काढले. या खेपेस इंग्रजी तक्त्यावरही आमची गाडी अडली, विशेषतः तिची. अडखळल्याबद्दल एखाद्याचे अभिनंदन करण्याचा प्रसंग आयुष्यात क्वचितच येतो.

आता मूळ दुखण्याकडे वळू. परकी भाषा बोलताना वाटणारी भीती ही एखाद्याच्या स्वभावातील उणीव नव्हे. मानसशास्त्राने तिचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. एलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ही भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात दुसरे हसतील ही धास्ती आहे, नाव पुकारले जाईल म्हणून होणारी धडधड आहे, आणि इतरांना आपल्यापेक्षा अधिक येते हा ग्रहही आहे. मुलीने ती विधाने वाचली आणि बराच वेळ पानाकडे पाहत राहिली. आपल्या छातीतली धडधड दूर देशीच्या कोणीतरी आधीच लिहून ठेवली आहे, हे कळणे हाही एक दिलासा असतो.

त्यापुढची मदत व्याकरणानेच केली. रेन-मार्टिनमध्ये 'मस्ट', 'शुड', 'मे' या साहाय्यक क्रियापदांचे धडे आहेत. त्याच सुमारास आम्ही अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीविषयी वाचत होतो. १९५५ पासून एलिस यांनी जे मांडले त्याचा गाभा असा, की माणूस आपल्या इच्छांचे हट्टात रूपांतर करतो आणि मग त्या हट्टाखाली चिरडतो. 'झाले तर बरे' या जागी 'झालेच पाहिजे' आले की दुःखाला सुरुवात होते. मराठीतला तो एवढासा 'च' म्हणजेच इंग्रजीतला 'मस्ट'. मुलीला आम्ही एक वाक्य लिहायला सांगितले. तिने लिहिले, मला इंग्रजी आलेच पाहिजे, नाही तर माझी काही किंमत नाही. मग 'मस्ट' खोडून दुसरे क्रियापद घालायचे होते. तिने चार वेळा वाक्य फिरवले. शेवटी उरले ते असे, की मला इंग्रजी आले तर हवे आहे, त्यासाठी मी कष्ट करीन, आणि माझी किंमत हा वेगळा प्रश्न आहे. व्याकरणाच्या वहीत इतके शहाणे वाक्य आम्ही पूर्वी पाहिले नव्हते.

मोठ्या वयात परकी भाषा शिकणाऱ्यांचा आदर्श शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, तेव्हा ते तिशीच्या घरात होते. इंग्लंडच्या या येशूसंघीयाला इथल्या भाषेचे एक अक्षर येत नव्हते. चार वर्षांनी, १५८३ साली, भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असे नोंदवले. पुढे त्यांनी कोकणीचे व्याकरण रचले; ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले आणि भारतीय भाषांच्या अगदी पहिल्या छापील व्याकरणांत त्याची गणना होते. आणि १६१६ साली त्यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' निघाले. म्हणजे नियमांची मांडणी आणि अर्थाची ओढ ही दोन्ही अंगे या एका माणसात नांदत होती. ज्या इंग्रजाने आपली भाषा अशी शिरावर घेतली, त्याची भाषा शिकताना आपण मान खाली का घालावी? त्यांच्याही पहिल्या वाक्यांना साष्टीच्या लोकांनी हसून घेतले असेलच.

आता त्या मुलीविषयी. ती कापडाच्या दुकानात गेली नाही. पदवीची परीक्षा तिने दिली आणि ती चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाली. उत्तरपत्रिका तिने मराठीतच लिहिल्या. वाचन मात्र इंग्रजीतून केले. काहींना हे उलटे वाटले. इतके शिकून पुन्हा मराठीतच लिहायचे, तर उपयोग काय, असेही कोणी विचारले. तिचे उत्तर सरळ होते. जे कळले ते आईला सांगता आले पाहिजे. यातला 'पाहिजे' तिने जाणूनबुजून ठेवला होता. ती आता पुढील शिक्षणाच्या तयारीत आहे. प्रवेश मिळेल की नाही, खर्च झेपेल की नाही, हे अजून ठरायचे आहे. परंतु भाषेच्या भीतीने ती माघार घेणार नाही, एवढे निश्चित.

परिचारिका आता रुग्णांच्या नातेवाइकांना इंग्रजी कागद मराठीत समजावून सांगते. मुकादम काका नातवाचा गृहपाठ पाहतात, आणि न आलेला शब्द त्याच्याचकडून विचारून घेतात. शाळेतील बाई तर इंग्रजीचा तास मुद्दाम मागून घेऊ लागल्या आहेत. आमच्यापैकी कोणी फाड फाड इंग्रजी बोलू लागलेले नाही. देवळाच्या आवारात घोळक्यात उभे राहिलो की आजही वाक्य मनात जुळवावे लागते. फरक एवढाच, की जुळले की ते आता आम्ही बोलतो.

प्रत्येक धर्मग्रामात एखादी रिकामी खोली असते आणि पुस्तक पुढ्यात घेऊन एकटेच घाबरलेले एखादे लेकरूही असते. दोघांची गाठ घालून देण्यास मोठा निधी लागत नाही, ठराव करावा लागत नाही. विषय मानसशास्त्रच हवा, असेही नाही; शेती, आरोग्य, कायदा, ज्याची ओढ असेल तो घ्यावा, शेजारी व्याकरणाचे पुस्तक ठेवावे आणि चार वडीलधाऱ्या माणसांनी त्या लेकराच्या बाजूला विद्यार्थी म्हणून बसावे. आमच्या रविवारच्या बैठकीत सध्या सातजण येतात. 'अवधान' हे प्रकरण चालू आहे, आणि प्रयोगांच्या वर्णनांत पानोपानी येणाऱ्या कर्मणी प्रयोगाने सगळ्यांना घाम फोडला आहे.